घरातही पायात मोजे

मोहिनीच्या वाट्याला एकोणतीस नावं आली होती. नावं म्हणायची एवढंच, कागदावर नंबर होते. नंबरापुढे जन्मसाल, मूळ गावाचा तालुका, मूल कधी घरातून काढलं, कुठल्या शहरातल्या कुटुंबात ठेवलं आणि तिथून कधी बाहेर पडलं, एवढी माहिती. घरच्या मारहाणीमुळे किंवा हेळसांडीमुळे आईबापांकडून काढून दुसऱ्या कुटुंबांत वाढवायला दिलेली जिल्ह्यातली मुलं मोठी झाल्यावर त्यांचं काय होतं, याचा तो अभ्यास होता. किती शिकली, किती कामाला लागली, झोप लागते का, कुणावर विश्वास टाकता येतो का. अभ्यासाचे प्रमुख अमित सर कॉलेजात शिकवत होते. मुलाखती घ्यायला त्यांनी चार बाया नेमल्या होत्या, त्यांतली मोहिनी एक.

तिला नेमायचं कारणही तसंच होतं. याच कामात तिची सहा वर्षं गेली होती. एका संस्थेत ती कार्यकर्ती होती. मुलांसाठी कुटुंबं शोधायची, त्यांची घरं बघायची, मूल ठेवलं की महिन्याला एकदा जाऊन यायचं आणि अहवाल लिहायचा. दोन हजार एकोणीसच्या एप्रिलमध्ये, दिवस गेल्यावर, तिने ती नोकरी सोडली.

पहिल्याच बैठकीत अमित सरांनी एक नियम घालून दिला होता. यादीत आपण स्वतः हाताळलेलं मूल निघालं, तर तो नंबर दुसरीकडे द्यायचा. आपल्या कामाबद्दल आपणच विचारायला गेलो तर खरं उत्तर मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

सत्तेचाळीस नंबर बघितला आणि मोहिनीने ओळखला. तालुका पेठ, जन्म दोन हजार सहा, नाशिकरोडच्या कुटुंबात ठेवली जून सतरामध्ये. यमुना भोये. तो नंबर तिने परत द्यायला हवा होता. दिला नाही, आणि त्यामागे काही वाईट हेतू होता असंही नाही. उलट यमुना ही तिला आपल्या हातून झालेली चांगली गोष्ट वाटत होती. सहा वर्षांत पाहिलेल्या मुलांपैकी कितीतरी मनात रुतून बसली होती. ही मात्र आठवली की बरं वाटायचं. मुक्काम तीन वर्षं पाच महिन्यांनी ‘मुलीच्या वर्तनामुळे’ संपला, अशी नोंद कागदावर होती. पण तोवर मोहिनीने नोकरी सोडली होती, आणि पोरगी वयात आली की असं होतं, अशी तिने समजूत करून घेतली.

फोनवर यमुना फार बोलली नाही. आधी कागद पाठवा, म्हणाली. मोहिनीने संमतीचा फॉर्म मोबाइलवर पाठवला. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला, सुट्टीच्या दिवशी सकाळी या, सिन्नरला.

सिन्नरच्या कारखान्यात यमुना बटणांचे खोके भरायच्या कामावर होती. आणखी दोघी मुलींबरोबर तिने खोली घेतली होती. त्या दोघी पहिल्या पाळीला गेलेल्या. दार उघडलं तेव्हा समोर उंच, सडसडीत, केस घट्ट बांधलेली मुलगी उभी होती. तिने मोहिनीकडे नीट पाहिलं, आत घेतलं, पाणी दिलं. ओळखल्याचं ती बोलली नाही. मोहिनीही बोलली नाही. चटईवर समोरासमोर बसल्या आणि नियमाप्रमाणे मोहिनीने फॉर्म मोठ्याने वाचायला घेतला. मुलाखत मध्येच थांबवता येईल. नाव कुठेही येणार नाही. सांगितलेलं कुणाला सांगितलं जाणार नाही. अपवाद एकच, एखादं मूल आज धोक्यात आहे असं कळलं, तर ते कळवणं आमच्यावर बंधनकारक राहील.

“ते शेवटचं परत वाचा,” यमुना म्हणाली.

मोहिनीने परत वाचलं. यमुनाने मान हलवली आणि सही केली.

पहिला भाग मूळ घराचा. यमुना सरळ, एका सुरात सांगत गेली. आई ती पाच वर्षांची असताना गेली. बाप, बारकू, दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला जायचा आणि हिला बरोबर न्यायचा. पोरगी इकडेतिकडे जाऊ नये म्हणून तो कामाच्या वेळी तिला झापाच्या, बागेतल्या खोपटाच्या, खांबाला बांधून ठेवायचा. मारायचा तर हाताला येईल त्याने. दोनदा हात मोडला. दुसऱ्या वेळी हात वाकडा जुळला, तो बघून शाळेच्या बाईंनी कळवलं. तिथून पुढचं मोहिनीला ठाऊकच होतं, तरी प्रश्न होते तसे विचारले आणि उत्तरं होती तशी लिहून घेतली.

“बापाचं एक होतं,” यमुना म्हणाली. “मारून झालं की रडायचा.”

मग दुसरा भाग. नव्या घरात तुम्हाला जेवण पुरेसं मिळायचं का? मिळायचं. शाळेत घातलं होतं का? घातलं होतं. नव्या घरात कुणी तुम्हाला मारलं का?

यमुनाने उठून ट्रंकेतून एक फाइल काढली. अठरा वर्षं पूर्ण होऊन ती मुलींच्या वसतिगृहातून बाहेर पडली तेव्हा कागदपत्रांबरोबर तिला तिच्या अहवालांच्या प्रती मिळाल्या होत्या. हवं ते पान तिला शोधावं लागलं नाही.

“वाचू का?” तिने विचारलं आणि वाचलं. “मुलगी स्वच्छ व नीटनेटकी राहते. घरातही पायात मोजे घालते. कुटुंबाने चांगल्या सवयी लावल्या आहेत.” तिने पान मिटलं. “ऑगस्ट सतरा. तुमची सही आहे.”

मोहिनीला ते वाक्य आठवलं. लिहिताना किती बरं वाटलं होतं, तेही आठवलं. पाड्यावर अनवाणी फिरणारी पोरगी आणि तिच्या पायात पांढरेशुभ्र मोजे.

“तळपायावर मारायचा,” यमुना म्हणाली. “त्याचं नळाच्या सामानाचं दुकान होतं, माहितीय ना तुम्हाला? प्लास्टिकचा पाइप असायचा. तुम्ही आलात की माझे हात बघायचात, पाठ बघायचात, डोक्यावरनं हात फिरवायचात. ते त्याने बघून ठेवलेलं. भाजी सांडली तर पाच, गणित चुकलं तर दहा, मार खाताना आवाज झाला तर मोजणी पहिल्यापासून. बाप मारून रडायचा. हा मारून झालं की हात धुवायचा आणि जेवायला बसायचा.”

मोहिनीच्या हातातलं पेन थांबलं होतं. मला का नाही सांगितलंस, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण पुढचा प्रश्न कागदावर छापलेलाच होता आणि तिने तो छापल्याप्रमाणे वाचला. ही गोष्ट तुम्ही तेव्हा कुणाला सांगितली होती का?

“सांगितली होती.”

“कुणाला?”

“तुम्हाला.”

चौथ्या की पाचव्या भेटीत, यमुना म्हणाली, फाटकापाशी. तुम्ही गाडीला किल्ली लावत होतात. मी म्हटलं, ताई, मला आजीकडे सोडा. तुम्ही म्हणालात, का गं, इथे काय कमी आहे? मी म्हटलं, पाय दुखतात. तुम्ही म्हणालात, नवीन बूट आहेत, सैल होतील.

मोहिनीला त्यातलं काहीही आठवेना. तिने फार ताण दिला. फाटक आठवलं, फाटकावरची मधुमालती आठवली, त्या घरच्या जीवनदादांनी हातात दिलेला सरबताचा पेला आठवला. पोरीचा आवाज तेवढा कुठेच सापडेना. खोटं आहे, असं मात्र तिला एक क्षणही वाटलं नाही.

आजी म्हणजे तानुबाई. पेठच्या पलीकडच्या पाड्यावरून ती म्हातारी संस्थेच्या कचेरीत दोनदा आली होती. नातीला माझ्याकडे द्या, एवढंच तिचं मागणं. मोहिनी तिचं घर बघायला गेली, तेव्हा कुडाच्या भिंती, एक खोली आणि साठी उलटलेली बाई दिसली. आजी अक्षम, असं तिने लिहिलं. नाशिकरोडच्या घरी अभ्यासाचं टेबल होतं, पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं, मूलबाळ नसलेलं सालस जोडपं होतं. जीवन आणि तृप्ती. त्या घराच्या बाजूने कौल द्यायला मोहिनीला विचारही करावा लागला नव्हता.

“मी तुझ्याशी बोलायला यायलाच नको होतं,” मोहिनी म्हणाली. “नियम तसा आहे. मी दुसऱ्या कुणाला—”

“मला तुम्हीच पाहिजे होतात,” यमुना म्हणाली. “फॉर्मवर तुमचं नाव बघितलं म्हणून हो म्हटलं. नायतर कशाला बोलले असते?”

मग तिने उरलेलं सांगितलं. वसतिगृहातून सुटल्यापासून ती महिन्यातून एकदोन सुट्ट्या नाशिकरोडला जात होती. त्या गल्लीच्या तोंडाशी रसाची गाडी लागते, तिथे उभी राहायची. तिथे आणखी कुणाला आणलंय का, एवढंच तिला बघायचं होतं. आणि आणलं होतं. नऊ वर्षांची, चौथीतली. आरोही. तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती तृप्तीकाकूबरोबर भाजी आणायला निघाली होती. मे महिना, डांबर वितळायची वेळ, आणि पोरीच्या पायात मोजे. त्यावर चप्पल. पावलाच्या कडेवर चालत होती.

यमुनाने तक्रार केली होती. कुणीतरी जाऊन आलं, पोरगी म्हणाली सगळं छान आहे, विषय संपला. “तिथं कोण खरं बोलेल? तो शेजारी बसलेला असतो. आणि माझं कोण ऐकणार? माझ्या फाइलीत लिहिलंय, पळून जाते, खोटं बोलते. तुमच्या फाइलीत असं काही लिहिलेलं नसेल.” तिने फॉर्मवर बोट ठेवलं. “आता तुम्हाला कळलंय. आता तुमच्यावर बंधनकारक आहे.”

सिन्नरच्या स्टँडवरूनच मोहिनीने अमित सरांना फोन लावला. लपवाछपवी केली नाही. यमुना आपल्याच हातची होती, हे पहिल्या वाक्यात सांगितलं. सर मग म्हणाले, आधी कळवा, आत्ताच्या आत्ता, लेखी. त्यात तुमचं स्वतःचंही लिहा. तुमची तेव्हाची गफलत लिहिली नाही, तर उद्या त्यांचा वकील ती लिहील. शेवटी हळू आवाजात म्हणाले की ही मुलाखत मात्र अभ्यासात घेता येणार नाही. सत्तेचाळीस वगळावा लागेल. आणि तुम्हालाही.

तिने चार पानं लिहिली. बावीस भेटींपैकी एकदाही मुलीशी एकटीशी, घराबाहेर नेऊन बोलले नाही. आजीच्या घराला दोष दिला तो गरिबीचा होता. हेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बालसंरक्षण कार्यालयातल्या अधिकारी मॅडम, एक महिला शिपाई आणि मोहिनी त्या घरी गेल्या. जीवन दुकानात होता. दार तृप्तीने उघडलं. आरोही टेबलाशी शुद्धलेखन लिहीत बसली होती, पाय खुर्चीच्या दांडीवर उचलून धरलेले. अधिकारी मॅडम तिच्यासमोर जमिनीवर बसल्या, तिच्याशी शाळेबद्दल थोडं बोलल्या आणि विचारून तिचे मोजे काढले. मोहिनीने एकदाच पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

जीवन दुकानातून आला तो हातातलं काम टाकून आल्यासारखा, पंजे पुसत. गच्चीवर अनवाणी खेळते, तापलेल्या फरशीवर, म्हणाला. किती वेळा सांगितलं. बोलताना आवाज चढला नाही. मोहिनीला ओळखून त्याने नमस्कारही केला.

तृप्ती मात्र आत गेली आणि दप्तर, दोन गणवेश, टिकल्यांची डबी, पाण्याची बाटली अशी एकेक वस्तू पिशवीत भरायला लागली. कुणी सांगायच्या आधीच. मोहिनी तिच्या मागे गेली.

“तुम्हाला माहीत होतं,” मोहिनी म्हणाली.

तृप्तीने पिशवीची चेन लावली. “दर महिन्याला वाटायचं, आज ही बाई मोजे काढायला सांगेल. बावीस वेळा चहा केला मी तुम्हाला.”

“मग तुम्ही का नाही बोललात?”

“मला कुठे जायला घर होतं?” ती म्हणाली आणि पिशवी उचलून बाहेर नेऊन ठेवली.

निघायची वेळ आली तेव्हा आरोहीने तृप्तीच्या कमरेला मिठी मारली. काकू मला पाठवू नको, मी चूक करणार नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. महिला शिपायाने एकेक बोट सोडवलं. पोरीने मोहिनीच्या दंडाला चावा घेतला, रक्त येईपर्यंत. गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि एक जण मोठ्याने म्हणाली, बघा, चांगल्या घरातनं लेकरू ओढून नेतायत. जीपमध्ये सिन्नर फाट्यापर्यंत आरोही रडत होती. 

त्यानंतरचं सगळं संथ चाललं. गुन्हा दाखल झाला. तीन आठवड्यांत जीवनला जामीन मिळाला आणि दुकान पुन्हा उघडलं. आरोही मुलींच्या वसतिगृहात होती, जेवायची, पण कुणाशी बोलायची नाही. यमुनाने जबाब दिला. जबाब लिहून घेणाऱ्याने विचारलं, एवढं होत होतं तर आधी पळून का नाही आलीस? वीस सालच्या नोव्हेंबरमध्ये ती पळालीच होती. अर्धी वाट पायी, अर्धी भाजीच्या पिकअपमध्ये बसून आजीच्या पाड्यापर्यंत गेली होती. तिथे घराला कुड राहिला नव्हता. आजी वारली, एवढं शेजाऱ्यांनी सांगितलं, कधी ते कुणाला नीट सांगता येईना. पोलिसांनी तिला तिथूनच आणून मुलींच्या वसतिगृहात ठेवलं, आणि फाइलीत ‘पळून जाण्याची सवय’ हे शब्द आले.

जबाबाच्या दिवशी बाहेरच्या बाकावर मोहिनीने तिची माफी मागितली. बरेच दिवस जुळवलेली वाक्यं होती, ती तोंडातून निघता निघता तुटली. यमुनाने ऐकून घेतलं.

“माफीचं मी काय करू?” ती म्हणाली. त्यात राग नव्हता. मग म्हणाली, “आजी कधी गेली तेवढं काढून द्या. तारीख. तुम्हाला कागद मिळतात.”

मोहिनी पेठला गेली. ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या नोंदीत तानुबाई भोये सापडली, नऊ जानेवारी एकोणीस. पाड्यावर म्हातारीचा पुतण्या भिका भेटला. तो म्हणाला, दोन दिवस तापात होती, नातीचं नाव घेत होती. नाशिकच्या हापिसात फोन केला होता आम्ही. बाई लिहून घेतलं म्हणाली. कोण बाई, ते त्याला सांगता येईना. त्या जानेवारीत कचेरीत फोन उचलणाऱ्या दोघीच होत्या, मोहिनी आणि हिशेबाच्या मॅडम. मोहिनीला हाही फोन आठवत नव्हता. परतीच्या गाडीत घाट उतरेपर्यंत ती तोच विचार करत राहिली, की आपल्याला न आठवणाऱ्या अशा किती गोष्टी असतील.

तारीख तिने फोनवर सांगितली, आणि फोनचंही सांगितलं, न लपवता. यमुना मनातल्या मनात मोजत असावी.

“म्हणजे मी पळाले तेव्हा जाऊन पावणेदोन वर्षं झालेली,” ती म्हणाली. “पावणेदोन वर्षं मी तिच्याकडे जायचंय म्हणून मार खाल्ला.” आणि फोन ठेवला.

अभ्यास फेब्रुवारीत पूर्ण झाला. अमित सरांनी अहवाल मोहिनीला पाठवला, तो सौजन्य म्हणून असावा. शंभरावर मुलांपैकी बहुतेकांनी नव्या घरात सुरक्षित वाटल्याचं सांगितलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. बऱ्याच जणांना खरोखरच चांगली माणसं मिळाली होती. सत्तेचाळीस नंबर कुठेच नव्हता. शिफारशींत मात्र एक ओळ होती, की प्रत्येक भेटीत मुलाशी घराबाहेर, एकट्याने बोललं पाहिजे आणि जवळच्या नातेवाइकाला केवळ गरिबीमुळे नाकारू नये. ती ओळ कुठून आली हे वाचणाऱ्याला कळायचं काही कारण नव्हतं.

दरम्यान चांदवडहून आरोहीची मावशी आली, झुंबरबाई. कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाणारी, विधवा, पत्र्याची एक खोली. दोन वर्षांपूर्वीही तिने अर्ज केला होता, तो बाजूला पडला होता. या वेळी नव्या कार्यकर्तीने तिचं घर बघून ‘जागा अपुरी’ असं लिहिलं. मोहिनीला त्यात बोलायचा अधिकार नव्हता. तरी ती निर्णय देणाऱ्या बालकल्याण समितीच्या बाहेर दोन दिवस बसून राहिली आणि तिसऱ्या दिवशी पाच मिनिटं मिळाली. त्या पाच मिनिटांत तिने तानुबाईच्या घराचा आपलाच जुना अहवाल वाचून दाखवला आणि पुढे काय झालं ते सांगितलं. मे महिन्यात आरोही चांदवडला गेली. कायमची असं नाही, सहा महिन्यांच्या बोलीवर. झुंबरबाईचा फोन येतो कधी कधी. पोरगी अंथरूण ओलं करते, ताट पुढ्यात आलं की आधी माझ्या तोंडाकडे बघते, असं ती सांगते. तिला पाठवा परत, असं अजून म्हणालेली नाही.

खटला पुढच्या महिन्यात उभा राहील. यमुनाची साक्ष पहिली आहे. जीवनचा वकील तिची फाइल पान पान वाचणार, हे तिला माहीत आहे. पाळी बदलून घेतलीय, म्हणाली. मोहिनीने विचारलं, मी येऊ का तुझ्याबरोबर? यमुनाने जरा विचार केला.

“या,” म्हणाली. “पण शेजारी नका बसू. मागे बसा.”